वाणाच्या रकान्यात

सावद्याला, केळी ग्रुपच्या मागं, वजनकाट्याच्या खोलीत
रविवारी रात्री आम्ही खेळतो.
वीस बाजूंचा फासा एकच, कुरिअरनं आलेला,
बाकीचे भाचीच्या लुडोतले.
मी सांगतो, बाकीचे जगतात.
डोंगर माझे, गुहा माझ्या,
खलनायकही मीच पुरवतो.

पुस्तक इंग्रजी. मी मराठीत उतरवतो
वडिलांच्या जुन्या, कार्बनच्या पावतीबुकात.
छापील रकाने : शेतकरी, वाण, घड, वजन, कडता.
वाण खोडून मी लिहिलं, जात.
दुसरा शब्द सुचला नाही.
खरं सांगायचं तर शोधलाच नाही.

जात : कराळ.
उंची साडेसहा फूट. सुळे बाहेर. कातडी शेवाळी.
वस्ती : डोंगरात, नदीच्या वरच्या अंगाला.
धंदा : लूट.
स्वभाव : दुष्ट, जन्मतः.
पोरं : लढत नाहीत. मारल्यास गुण शून्य.

त्यांना मारताना कुणाला काही वाटू नये
म्हणून तर केलेत ते.
खेळात असं कुणीतरी लागतंच,
ज्याच्या मानेवर तलवार ठेवताना
हातातला चहा खाली ठेवावा लागत नाही.

त्या रविवारी चौथी गुहा.
कुंदन झोपेचा धनुर्धर, हेमराज कोळ्याचा बुटका लोहार,
आणि पुढं सुभान तडवी.
दिवसा तो इथंच काट्यावर असतो,
घड चढवतो, आकडा ओरडतो, मी लिहितो.
खेळात सरदार. चिलखत चांदीचं,
ते त्यानं स्वतः मागून घेतलेलं.
फासा टाकला. वीस!
कुंदन खुर्चीवरून उठलाच :
तोड भो, एका घावात तोड!

सुभान म्हणाला, थांब.
दारातून बघतो आधी.
त्यांनी रात्री काय केलंय जेवायला?

वहीत नव्हतं.
हत्यारं होती, जखमांचे आकडे होते,
सुळ्यांची लांबी बोटांत होती.
चुलीचं पान मी केलंच नव्हतं.
सगळे माझ्याकडं बघत होते. तोंडातून गेलं,
कळण्याची भाकर. लसणाची चटणी.
एक म्हातारी भाकर थापतेय,
मध्येच कानामागं केस सारते, पिठाच्या हातानं.
(ही आमच्या आईची सवय.)

परातीत पीठ किती राहिलंय?
दोन भाकरींचं.
आणि माणसं?
नऊ, मी म्हणालो.
तो माणसं म्हणाला
आणि मी मोजून दिली.

मागच्या साली आमच्या मळ्यातली मोटारीची केबल गेली.
वडील फोनवर बोलले, याच खोलीत, काट्याला टेकून :
आधी पाड्यावर जा साहेब, ती जातच तशी.
सुभान तेव्हा घड चढवत होता.
त्यानं आकडा सांगितला, सत्तावीस किलो.
मी लिहिला.
कडता धरला का, आठवत नाही.

मग खेळ काही रंगला नाही.
हेमराजनं शिव्या घातल्या, कुंदन फोनमध्ये गेला.
सुभानचा सरदार गुहेच्या तोंडाशी, तलवार उपसलेली,
आत जातो का मागं फिरतो, सांगेना.
साडेअकराला लाईट गेली.
तो अजून तिथंच उभा आहे.

दोन रविवार कुणी आलं नाही.
मी वही काढून बसलो, जन्मतः खोडायला.
पेनाचं लिहिलेलं. रबरानं कागदच झिजला, भोक पडलं.
पान उलटलं तर खालच्या प्रतीवर
निळं, स्वच्छ, माझ्याच अक्षरात, जन्मतः.

सोमवारी काट्यावर, घडाला हूक लावता लावता
सुभाननं विचारलं,
येत्या रविवारी आहे ना?
त्या म्हातारीचं नाव
ठरवून ठेव तोवर.